अण्णांचा खुळखुळणारा ड्रायव्हर

गंगाधरअण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा माझा एक हात पेशंटच्या तोंडात होता. नवी पेठेतल्या माझ्या दवाखान्यात काम चालू असताना फोनला हात लावायचा नाही, हा नियम मीच केलेला. पण रविवारी आमच्याबरोबर खेळणाऱ्या बागलांचं नाव पुन्हा पुन्हा उमटायला लागलं, तसा मी खांद्याने फोन कानाशी धरला. "डॉक्टर… अण्णा गेले. दुकानातच. घरून जेवून आले, गादीवर जरा आडवे झाले आणि…" दाढ अर्धी कोरलेली होती, ती तशीच सोडता येत नाही. मी ती भरली, पेशंटला दोन तास काही खाऊ नका म्हणून सांगितलं, आणि जिना उतरून चार दुकानं ओलांडून गेले. अण्णांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. आत गादीवर ते निजले होते, आणि डोक्याखाली त्यांच्याच दुकानातला घडी न मोडलेला टॉवेल होता.

याला आता दीडेक महिना होईल. या पुरवणीसाठी अण्णांवर लिहा, असं मला सांगितलं गेलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, आणि त्यानंतर दोनदा कागद समोर घेऊन बसले. गेलेल्या माणसावर लिहिताना डोळे भरून यावेत अशी रीत आहे. माझं होतं भलतंच. अण्णांचं नाव लिहिलं की मला हसू फुटतं आणि उठून पळत सुटावंसं वाटतं. कारण अण्णा म्हटलं की मला ते शटर आठवत नाही. मला तो चेंडू आठवतो, खडीच्या खाणीवरून गेलेला. शिवाय अण्णांनी माझ्यापाशी एक गोष्ट ठेवायला दिली होती, ती आता ज्यांची त्यांना द्यायची आहे. म्हणूनही लिहितेय. पण ती शेवटी, आधी ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे. गोल्फमध्ये पहिला लांबचा फटका ज्या काठीने मारतात तिला ड्रायव्हर म्हणतात. लांब दांडा, खाली पोकळ धातूचं डोकं. अण्णांकडे ती एकच काठी बरी होती, बाकीच्या इकडून तिकडून जमवलेल्या. टेंभुर्णीजवळच्या एका गावातल्या शेतकरी घरात जन्मलेल्या, सोलापुरात चादरी-टॉवेल विकणाऱ्या माणसाकडे ती आली कशी, हे ते कुणालाही रंगवून सांगायचे. तरुणपणी ते परगावच्या एका गोल्फ क्लबाला हात पुसायचे छोटे टॉवेल पुरवत. एकदा माल पोचवायला गेले असताना एक मेंबर आपला ड्रायव्हर गाडीच्या डिकीत आपटत होता. म्हणे, आत काहीतरी सुटलंय, सारखं वाजतं, डोकं उठलं. अण्णांनी तो हातात घेतला, हलवला. आत खुळ् वाजलं. "मला तो आवाज लई आवडला बगा," ते सांगायचे, "पाळण्यावरल्या खुळखुळ्यावानी. म्हनलं, साहेब, डझनभर टॉवेल घ्या आन् ह्यो मला द्या." त्या मेंबराला वाटलं, आपण या टॉवेलवाल्याला फसवलं. अण्णांना वाटलं, आपण मेंबराला फसवलं. दोघंही खूश होऊन घरी गेले.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पेशंट म्हणून. दाढ दुखत होती, आणि काठी टेकावी तसा तो ड्रायव्हर टेकत ते जिना चढून आले. मी खुर्चीवर बसायला सांगितलं तरी तो हातातून सोडेनात. दाढ भरून होईपर्यंत मी गोल्फ म्हणजे काय ते विचारत राहिले, आणि तोंडात कापूस असताना ते सांगत राहिले. त्यातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही. पण पुढच्या रविवारी सकाळी मी चिंचोळी एमआयडीसीच्या मागच्या माळावर उभी होते.

आमचा माळ कुणी पाहिला तर त्याला गोल्फचं मैदान म्हणायला धजणार नाही. बागलांचा यंत्रमागाचे सुटे भाग करण्याचा कारखाना आहे, त्याच्या मागे त्यांचीच पडीक जमीन आहे. मुरूम, कुसळं, बाभळी आणि ज्यांना कुणी कधी हाकललं नाही अशा शेळ्या. गवत नाही, म्हणून खड्ड्याभोवती वाळू पसरून तिच्यावर कारखान्यातलं जळकं ऑइल ओतलेलं. त्यावरून चेंडू सरळ घरंगळतो आणि आमचे बूट कायमचे काळे होतात. असे सहा खड्डे. बागल, पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले इनामदार सर, अण्णा आणि मी, एवढाच आमचा क्लब. चहा कारखान्याच्या वॉचमनच्या शेगडीवर.

आणि तिथे अण्णांनी पेठेतला एक रिवाज आणला होता. दुकानात दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात आणि ती झाल्याशिवाय व्यापाऱ्याच्या जिवाला चैन पडत नाही. माळावर भवानी म्हणजे पहिला फटका. तो प्रत्येकाने अण्णांच्याच ड्रायव्हरने मारायचा. नंतर खुशाल आपापल्या काठ्या काढा. त्यामुळे त्या काठीचा प्रसाद आम्हा सगळ्यांना मिळालेला आहे. आजकालच्या ड्रायव्हरचं डोकं सोललेल्या नारळाएवढं असतं. चेंडू कुठेही लागला तरी बरा जातो. अण्णांच्या ड्रायव्हरचं डोकं मोठ्या लिंबापेक्षा थोडंसंच मोठं. चेंडू नेमका मधोमध लागला तर हातांना काही समजतच नाही, नुसता टण्ण असा स्वच्छ आवाज येतो आणि चेंडू दिसेनासा होतो. सूतभर जरी चुकला तरी कोपरापर्यंत झिणझिण्या. बागलांचा चेंडू दर रविवारी न चुकता उजवीकडच्या बाभळीत जायचा. इनामदार सर मारण्याआधी वस्तुमानकेंद्राबद्दल दोन वाक्यं बोलायचे आणि मग चेंडूच्या वरून काठी फिरवायचे. माझा एकदा शेळीच्या पोटाखालून गेला; शेळीने मान वर करून पाहिलं आणि परत चरायला लागली. अण्णा मात्र काठी वर न्यायचे, क्षणभर थांबायचे, आणि टण्ण. सरळ. दर रविवारी. बागल चिडवायचे, "अण्णा, वर जाऊन काय देवाला इचारता की काय?" अण्णा हसायचे. ते का थांबतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आता खाण. पाचव्या खड्ड्याकडे जाताना मधे खडीची सोडून दिलेली खाण लागते, खोल, तळाशी हिरवं पाणी. तिच्यावरून चेंडू पलीकडे टाकायचा किंवा मुकाट बाजूने वळसा घालायचा. पहिली कितीतरी वर्षं आम्ही सगळे वळसाच घालत होतो. मग बागलांनी नवा ड्रायव्हर मागवला आणि पहिल्याच महिन्यात चेंडू पलीकडे टाकला. पाठोपाठ इनामदार सरांनी, आणि वाऱ्याची मेहेरबानी होती त्या दिवशी मीसुद्धा. राहिले एकटे अण्णा. आम्ही आमच्या काठ्या पुढे करायचो. ते हातही लावत नसत. "तुमच्या काठीनं गेला तर तुमच्या काठीचा गेला. माजा कुटं गेला?" दर रविवारी एक चेंडू खाणीकडे मारायचा आणि तो पाण्यात बुडाल्याचा आवाज ऐकून पुढे चालू लागायचं, असं चाललेलं. पण एका दिवाळीनंतर काहीतरी जुळून आलं होतं. चेंडू पलीकडच्या भिंतीवर आदळायला लागले. एकदा तर अगदी काठावर बसला, थरथरला आणि मागे गडगडला. अण्णांचे डोळे असे लकाकले की काय सांगू. पंच्याहत्तरीला आलेला माणूस, पण त्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवतानासुद्धा खांदा फिरवून बघायचा.

आणि नेमकी तेव्हाच पंच्याहत्तरी आली, आणि बागलांच्या मनात आलं की अण्णांना काहीतरी द्यावं. बागल हा सोन्यासारखा माणूस. फक्त एक आहे, त्यांना यंत्रातला आवाज सहन होत नाही. त्यांच्या हिशेबी वाजतंय म्हणजे बिघडलंय. त्यांनी मूठ बदलून देतो म्हणून ड्रायव्हर नेला, कारखान्यात त्याच्या तळाला बारीक भोक पाडलं, आत सुटलेला वाळक्या गोंदाचा खडा काढून फेकून दिला, भोकाला नाजूक स्क्रू बसवला, आणि सगळं घासूनपुसून चकचकीत केलं. वाढदिवसाला पेढ्यांबरोबर तो अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी हलवून पाहिला. काही वाजलं नाही. "गप केला की वो तुमी ह्याला," ते म्हणाले, आणि बागलांच्या पाठीवर थाप मारली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या रविवारी अण्णांची भवानी डावीकडे शेळ्यांत गेली. पुढच्या रविवारी उजवीकडे. मग चेंडू उडेनासेच झाले, जमिनीवरून ससे पळावेत तसे पळायला लागले. इनामदार सरांनी पायांची जागा बदलायला सांगितली, बागलांनी मूठ पुन्हा बदलली, मी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. खाणीशी आलं की अण्णा आता चेंडू खिशात टाकून वळशाने चालू लागायचे. एका रविवारी ते आलेच नाहीत. मी संध्याकाळी दुकानात गेले, तर रविवार असूनही उघडं ठेवून बसलेले. "वय झालं, डॉक्टर," ते म्हणाले. "हातातनं गेलं. आता काय ते माळावर येऊन तुमचा खोळंबा करायचा." नाराजी नाही, कुरकुर नाही… नुसतं टॉवेलची घडी घालत म्हणाले. मला त्यांचा असा राग आला की मी एक टॉवेल विकत घेऊन तडक घरी गेले.

आता यातून त्यांना बाहेर काढलं कुणी, तर ज्यांनी गोल्फ कधी बघितलाच नव्हता त्यांनी. शकूकाकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, कवळी सैल झाली म्हणून माझ्याकडे आल्या. मी कवळी घासत असताना विचारलं, "अण्णा कसे आहेत?" काकू बिनदातांच्या तोंडाने बोलायला लागल्या, आणि मी काम थांबवून ऐकायला लागले. अण्णा रोज सकाळी गच्चीवर ती काठी फिरवतात. गच्चीखालीच काकूंचं स्वयंपाकघर. "इतकी वर्सं ऐकतीया मी," काकू म्हणाल्या. "आदी खुळ् वाजायचं. मग सुंईऽ. खुळ्… सुंईऽ. त्या तालावर माज्या भाकऱ्या व्हायच्या. आता खुळ् वाजतच न्हाई. नुस्तं सुंई सुंई, माशा हाकलल्यागत. मी म्हनलं ह्यांना, आवाज आल्याबिगर तुमी काठी खाली कशापायी आनताय? तर म्हनले, तुला काय कळतंय त्यातलं."

माझ्या हातातून कवळी पडता पडता राहिली. काठी वर गेली की डोकं उलटं होतं, आतला खडा इकडून तिकडे पडतो, खुळ् वाजतं, आणि मग अण्णा काठी खाली आणायचे. वर्षानुवर्षं तो खडा त्यांना थांब म्हणत होता आणि आता मार म्हणत होता. घाईघाईने मारणाऱ्या आम्हा तिघांना तो कधी ऐकूच आला नव्हता, कारण तो वाजायच्या आत आमची काठी निम्म्यावर आलेली असायची. मी बागलांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो खडा भंगारात गेला, डॉक्टर. त्या भंगाराची गाडीपण गेली." आणि अर्ध्या तासात ते दवाखान्यात हजर झाले.

मग जे सुरू झालं तसा आठवडा माझ्या दवाखान्याने पुन्हा पाहिलेला नाही. अण्णा दुकानात गेले की काकू ड्रायव्हर चादरीत गुंडाळून रिक्षाने आणायच्या आणि ते घरी जेवायला यायच्या आत दाराआड परत ठेवायच्या. पेशंटच्या खुर्चीवर ड्रायव्हर आडवा, वरून माझा दिवा, आणि मी चिमट्याने स्क्रूच्या भोकातून काय काय आत सोडतेय. काकू बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसायच्या. आवाज ओळखण्याचं काम त्यांचं. पहिल्यांदा मी मंगळवेढ्याच्या ज्वारीचा दाणा घातला. काकू म्हणाल्या, जवळजवळ तोच. बागलांनी आनंदाने कारखान्यामागे नेऊन चार चेंडू मारले, आणि परत आले तेव्हा काही वाजेना. स्क्रू काढल्यावर आतून पीठ निघालं. मग बागलांनी बेअरिंगचा छर्रा आणला. त्याचा आवाज ऐकून दात काढायला आलेला पेशंट उठून उभा राहिला. "ह्ये काय शाळेची घंटा हाय का?" काकू म्हणाल्या. हरभरा भोकातून जाईना. चिंचोक्याचं तेच. सुपारीचं खांड गेलं, पण ते एका जागी अडकून बसलं. बागलांचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललेलं. शेवटी माझ्या दवाखान्याच्या खालच्या सराफांना मी सहज विचारलं, की बारीक, गुळगुळीत, जड आणि फुटणार नाही असं काही आहे का हो तुमच्याकडे? त्यांनी जुन्या तराजूच्या पेटीतून एक गुंज काढून माझ्या तळहातावर ठेवली. लालभडक, डोक्यावर काळा ठिपका. पूर्वी सोनं तोलायला वापरायचे ती.

गुंज आत टाकली. बागलांनी काठी उचलून सावकाश उलटी केली. खुळ्. बाकावर काकूंनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि म्हणाल्या, "पुन्ना." बागलांनी पुन्हा केलं. "जरा बारीक हाय," काकू म्हणाल्या, "पर ह्योच." बागल कपाळाला हात लावून पेशंटच्या खुर्चीवर बसले. स्क्रूचे आटे एव्हाना काढून घालून झिजले होते, म्हणून मी भोवती दाताचं सिमेंट भरून तो पक्का केला. बागल म्हणाले, आत्ता जाऊन अण्णांना सांगतो. काकूंनी त्यांना थांबवलं. "सांगायचं न्हाई. सांगितलं की मुद्दाम ऐकत बसतील. भाकरी थापताना हाताकडं बगितलं की भाकरी फाटती. त्यांना ठावं न्हाई तेच बरं हाय." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा खट्याळ आनंद होता, की मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन. आवाज दबका, कारण अण्णा शेजारच्या खोलीत चहा पीत होते. "डॉक्टर, वाजलं. आन् मग सुंई. आन् आता म्हनतात, आज हात बरा चाललाय." मी घरात एकटीच नाचले.

त्या रविवारी अण्णा आले. हुरड्याचे दिवस होते, म्हणून बागलांनी माळावरच आगटी पेटवली होती आणि हुरड्याच्या निमित्ताने काकूही पहिल्यांदाच आल्या होत्या. भवानीला अण्णांनी काठी वर नेली, थांबले, टण्ण. सरळ. इनामदार सरांना आम्ही काही सांगितलेलं नव्हतं. ते म्हणाले, बघा, पायांची जागा बदलल्याचा परिणाम. आम्ही माना डोलावल्या. दुसरा खड्डा, तिसरा, चौथा… अण्णा तरंगत चालल्यासारखे चालले होते. खाणीपाशी आलो तशी आमची सगळ्यांची बडबड थांबली. काकू मागे बाभळीपाशी उभ्या राहिल्या, हातात हुरड्याची पिशवी. अण्णांनी चेंडू लाकडी खुंटीवर ठेवला, एकदा पलीकडे पाहिलं, एकदा मागे पाहिलं, आणि काठी वर नेली. आणि थांबले. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त थांबले. इतके, की मला वाटलं, आता हे खाली आणतच नाहीत. बागलांनी माझा दंड घट्ट धरला होता. मग टण्ण.

चेंडू आधी दिसलाच नाही. मग दिसला, आमच्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हता इतका उंच, सकाळच्या उन्हात पांढरा, आणि त्याला खाली यायची अजिबात घाई नव्हती. खाण संपली तरी तो हवेतच. पलीकडच्या मुरमावर पडला, एकदा उसळला, आणखी एकदा उसळला, आणि घरंगळत घरंगळत पुढे गेला. बागल ओरडत पळत सुटले. मी पळाले. गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारे इनामदार सर पळाले. खाणीला वळसा घालून आम्ही पलीकडे पोचलो तर तो चेंडू बागलांच्या सगळ्यात लांबच्या चेंडूपेक्षाही पुढे पडलेला. बागल त्याच्याभोवती गोल गोल फिरत होते, हात न लावता, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागून अण्णा सावकाश आले. चेंडूकडे बघून म्हणाले, "जुना हाय, पर जातोय की." आणि काकूंच्या पिशवीतला हुरडा मागून घेतला. त्या दिवशी आम्ही सहावा खड्डा खेळलोच नाही. हुरडा खाल्ला, दह्याची चटणी खाल्ली, तोच फटका प्रत्येकाने चार चार वेळा उभं राहून करून दाखवला, आणि अण्णा मधे बसून जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चाललीय तसे ऐकत होते. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्या यशाने झालेला नाही.

त्यानंतर अण्णांचा चेंडू आणखी दोनतीनदा पलीकडे गेला, आणि कितीतरी वेळा पाण्यात गेला. पाण्यात गेला तरी ते आता खाली मान घालून वळसा घालत नसत.

शेवटची भेट माझ्याच खुर्चीवर झाली. दुसरी दाढ दाखवायला आले होते. मी आरसा तोंडात घालणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरून विचारलं, "डॉक्टर, ड्रायव्हरात काय घातलंय?" मी म्हटलं, कुठल्या? "आता ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "स्क्रूभवती तुमचं सिमेंट हाय. माज्या दाढंत बी त्येच हाय, रोज आरशात बगतो मी." मी हरले. म्हटलं, गुंज. ते इतके हसले की खुर्ची हलली. मग मी विचारलं, कधी कळलं? त्यावर अण्णा जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत देते, कारण ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते तसंच मिळायला हवं. "पयल्याच सकाळी. गच्चीवर काठी वर नेली आन् आत वाजलं. आवाज पयला न्हवता, जरा बारीक. मी तितंच थांबलो. आन् बगतोय तर खाली सैपाकघरात भाकरीची थाप बंद. भांडं न्हाई, पानी न्हाई. म्हंजी ही खाली कान लावून हुबी. तवा समजलं, ह्ये हिनं केलंय. मग मारला तसाच, काय बोललो न्हाई. आता रोज काठी वर नेली की जरा जादाच थांबतो. खाली तिला ऐकू जायला पायजे न्हवं." मी म्हटलं, मग त्यांना सांगून टाका की. "नगं," ते म्हणाले. "मला ठावं न्हाई असं तिला वाटतंय, त्यात तिला लई मजा येती. तुमी बी बोलू नका. मी हाय तवर ऱ्हाऊ द्या." आणि नंतर? "मागनं सांगा की. मागनं गप ऱ्हायचं काय कारन?" एवढं बोलून त्यांनी आ केला.

आता ड्रायव्हर काकूंकडेच आहे, दाराआड, पूर्वीच्या जागी. रविवारी सकाळी बागल तो न्यायला जातात, कारण भवानी अजूनही त्यानेच होते, आणि संध्याकाळी परत आणून ठेवतात. गेल्या रविवारी मी बरोबर गेले होते. काकूंनी काठी देण्याआधी एकदा कानाशी उलटी केली. खुळ्. आणि मला म्हणाल्या, "ह्यांना शेवटपत्तुर कळलं न्हाई बगा." केवढा अभिमान होता त्यांच्या आवाजात. बागल उभे होते, रिक्षा थांबली होती, आणि असं काही दारात उभ्याने सांगायचं नसतं.

काकू, ही पुरवणी तुम्ही भाकऱ्या झाल्यावर चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचता, हे मला माहीत आहे. म्हणून इथेच सांगते. अण्णांना कळलं होतं. आणि त्या रविवारी खाणीपाशी काठी वर नेऊन ते इतका वेळ थांबले, ते नेम धरायला नव्हे. तुम्ही जरा लांब उभ्या होता, बाभळीपाशी. तिथवर आवाज पोचायला हवा होता.